सोमवारची बाटली

बाटली नुसत्या पाण्याने विसळायची, दुसरं काही लावायचं नाही, एवढी साधी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मला सांगितली असती तर मी बायकोला सांगितली असती. पुढचं सगळं टळलं असतं असं म्हणणार नाही, घाण होती ती होतीच. पण निदान त्यात तिचा हात नसता.

तिला जाऊन सात महिने झाले. लोक विचारतात, कसे आहात. मी म्हणतो, आहे. जेवतो, झोपतो, खाली जाऊन पेपर वाचतो. रडायला येत नाही. आलं तर रडेन, त्यात लाज नाही. पण येत नाही.

मी चौथी शिकलो. मिलमध्ये ब्लीचिंग खात्यात होतो. मागावरून कापड येतं ते पिवळट, तेलकट असतं. ते आमच्याकडे पांढरं व्हायचं. दिवसभर ब्लीचच्या वासात उभं राहायचं. डोळे चुरचुरायचे, हाताची सालं निघायची. पण कापड पांढरंशुभ्र बाहेर आलं की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. त्या खात्यात एकच गोष्ट जपायची. धुतल्यावर कापडात ब्लीच राहता कामा नये. राहिली तर कापड दिसायला छान, पण आतून सडतं. दोन महिन्यांत हाताने फाटतं. म्हणून आम्ही कापडाच्या टोकाला औषधाचा थेंब टाकून बघायचो. निळं झालं तर ब्लीच आहे, परत धुवा. ते काम माझ्याकडे होतं. मी एकही ताका निळा असताना पुढे सोडला नाही. मुकादम शिव्या द्यायचा, उशीर होतोय म्हणून. देऊ दे.

मग संप झाला. मैदानात सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. वाटलं, महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट आहे. काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मी वेगळं काय सांगणार. मिल पुढे अर्धीमुर्धी उघडली, पण आमचं खातं उघडलं नाही.

माझी बायको त्या वेळी खानावळ चालवायची. आमची लालबागची खोली दहा बाय बाराची. तीत गावाकडचे अकरा गडी दोन पाळ्यांत जेवायचे. माझी पाळी संपून मी घरी यायचो तर माझ्याच घरात मला बसायला जागा नसायची. मी गॅलरीत उभा राहायचो. ती आतून ओरडायची, "जरा थांबा, दोघांचा आटपता हा." आम्हाला मूलबाळ झालं नाही. ती त्या गड्यांनाच वाढायची आणि वाढताना ओरडायची. कोणी भात टाकला तर त्याला दुसऱ्या दिवशी भात कमी. संपात एकेक गडी गावाला गेला. शेवटी दोन राहिले, मग तेही गेले. मोठी पातेली तिने माळ्यावर टाकली.

मी शिवडीच्या गोदामांत पाठीवर गोणी वाहिल्या. काही वर्षं तशीच गेली. मग ओळखीतून मैलापाण्याच्या केंद्रात कंत्राटावर लागलो. शिवडीच्या खाडीच्या अंगाला ते छोटं केंद्र होतं. आजूबाजूच्या वस्तीचं संडासाचं, मोरीचं सगळं पाणी तिथे यायचं. आधी जाळीत चिंध्या, पिशव्या, देवाची फुलं अडकायची, ती आम्ही दाताळ्याने ओढायचो. मग पाणी गोल टाकीत शांत उभं राहायचं, गाळ खाली बसायचा. मग हवेच्या टाकीत. तिथे यंत्राने खालून हवा सोडायचे. साहेबांनी मला समजावलं होतं की पाण्यात डोळ्याला न दिसणारे जंतू असतात, त्यांना हवा दिली की ते जगतात आणि घाण खाऊन टाकतात. मी म्हटलं, "म्हणजे आमच्या खानावळीसारखंच." साहेब हसले. तरुण इंजिनियर, चांगला माणूस होता.

चाळीत मला "गटाराचा जावई" म्हणायचे. म्हणू दे. पगार मिळत होता.

मला तिथे चार-पाच वर्षं झाली आणि केंद्राची दुरुस्ती निघाली. दोन गोल टाक्या होत्या, त्यातली एक रिकामी करून फोडली. हवेची चार यंत्रं होती, त्यातली दोन काढून नेली. पाणी मात्र तेवढंच येत होतं. लोक काही दुरुस्ती चालू आहे म्हणून संडासला जायचे थांबत नाहीत. दोन टाक्यांचं पाणी एका टाकीत घालायचं आणि ते पहिल्यासारखं साफ करून खाडीत सोडायचं, असा हुकूम होता. किती साफ, त्याचा आकडा ठरलेला होता. साहेबांच्या टेबलामागे भिंतीवर तो लावला होता. आकड्याच्या खाली राहिलं तर पास, वर गेलं तर नापास. दर सोमवारी आणि गुरुवारी खाडीत पडणाऱ्या पाण्याची बाटली भरून दादरच्या लॅबमध्ये द्यायची. लॅब एका इमारतीच्या तळमजल्यावर होती. बाटली नेण्याचं काम माझ्याकडे दिलं, कारण मिलमध्ये मी औषधं हाताळली होती.

पहिले दोन महिने पाणी नापास झालं. साहेबांचं तोंड उतरलं. त्यांनी आम्हा सात कंत्राटी माणसांना बोलावून सांगितलं, "असंच चाललं तर नोटीस येईल. काम बंद पाडतील. कंत्राट गेलं की तुम्ही पण गेलात. आणि पास होत राहिलं तर नवीन टाकी सुरू होताना तुम्हाला कायम करायला मी वर लिहिणार आहे." कायम हा शब्द मी संपानंतर पहिल्यांदा ऐकला. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "कायम म्हणजे काढूचे नाय मां?" मी म्हटलं, "नाही काढणार."

त्याच सुमाराला केंद्रातली मोरी फोडली. बाटल्या धुवायला जागा राहिली नाही आणि स्टोअरमध्ये सगळीकडे सिमेंट. मग मी लॅबमधून रिकाम्या बाटल्या घेऊन सरळ घरी यायला लागलो. जाड पांढऱ्या प्लॅस्टिकच्या होत्या, आतलं काही दिसायचं नाही. बायको दारातच आडवी.

"ह्यो बाटल्यो माज्या घरात येवच्यो नाय."

"रिकाम्या आहेत गं."

"रिकाम्यो आसल्यो म्हणान काय झाला? कसल्यो त्यो माका ठावूक नाय? आणा हडे."

तिने त्या गॅलरीच्या टोकाच्या नळावर नेल्या. शेजारीण कुरकुरली, "वहिनी, पिण्याच्या नळावर कसलं धुताय?" ही म्हणाली, "तुज्याच घरातला परत इलाला हा, वळखतंस काय?"

माझ्या मिलच्या दिवसांपासून ब्लीचिंग पावडर घरात असायचीच. माझे कपडे, फडकी, मोरी, सगळीकडे ती पावडर वापरायची. तिचं घर त्यामुळे स्वच्छ, असा तिचा अभिमान. बाटल्या तिने पावडर लावून घासल्या, उपड्या करून वाळवल्या. आणि झाकण लावताना प्रत्येकीच्या तळाशी चिमूटभर पावडर टाकली, म्हणजे परत येताना वास येणार नाही. हे शेवटचं तिने मला सांगितलं नाही, आणि ब्लीचचा वास मिलपासून माझ्या नाकाला जाणवतच नव्हता. लपवलं असंही नाही. मीठ घातलं हे कोणी सांगतं का?

त्या आठवड्यापासून पाणी पास व्हायला लागलं.

साहेबांनी त्याच दिवसांत उरलेल्या दोन यंत्रांच्या वेळा बदलल्या होत्या. त्यांना वाटलं त्याने झालं. ते खूश. आम्हा सगळ्यांना चहा दिला. सोमवार पास, गुरुवार पास, परत पास. बायको रोज संध्याकाळी विचारायची, "पास झाला मां?" मी हो म्हटलं की ती देवाकडे बघायची. एकदा म्हणाली, "माज्या हातच्यो बाटल्यो लागल्यो आणि पास होवक लागला." चेष्टेत म्हणाली. मी पण हसलो.

शिवडीच्या कोळीवाड्यातली एक बाई आमच्या चाळीत मासे विकायला यायची. बायकोची मैत्रीण. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्याही काढायची. ती एकदा मला म्हणाली, "भाऊ, तुमचं पानी अजून कालंच येतंय. चिखलाला रॉकेलसारखा वास मारतो."

मी म्हटलं, "काळं कसं? पास आहे. कागद आहे."

"कागद तुमच्याकडं असंल. चिखलात मी उभी असते."

"मग दुसऱ्या कुणाच्या गटाराचं असेल."

"आसंल बाबा," म्हणाली आणि टोपली उचलली. जाताना बायकोला दोन वाटे तिसऱ्या देऊन गेली. बायकोने त्याचं सुकं केलं. पहिला घास घेतला आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. वास होता. तिने कढई तशीच उचलून कचऱ्यात ओतली. अन्न टाकणारी बाई नव्हे ती. मी तिला म्हटलं, "शिळ्या असतील." ती म्हणाली, "सकाळी काढलेल्यो शिळ्यो कश्यो?" मग आम्ही तो विषय सोडला. मला त्या दिवशी कळायला हवं होतं. थोडं कळलंही होतं. पण पास होत होतं.

मग लॅबमध्ये एक नवीन बाई आल्या. चाळिशीच्या, जाड चष्मा, कमी बोलणाऱ्या. एका गुरुवारी मी बाटली ठेवली तशी त्यांनी झाकण काढून वास घेतला. मला थांबा म्हणाल्या. काचेच्या नळीत थोडं पाणी ओतलं, त्यात दोन थेंब टाकले. पाणी निळं झालं.

तो निळा रंग मी वीस वर्षं बघितला होता.

"काका, या बाटलीत काय घालता?"

मी म्हटलं, "ब्लीच आहे त्यात."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी मिलमध्ये हेच बघायचो."

त्यांनी मला स्टुलावर बसायला सांगितलं आणि समजावलं. लॅबमध्ये ते पाणी काही दिवस बंद करून ठेवतात. त्यातले जंतू घाण खातात आणि खाताना हवा वापरतात. किती हवा संपली त्यावरून किती घाण होती ते कळतं. ब्लीचने जंतू मेले तर कोणी खाणार नाही, हवा संपणार नाही, आणि पाणी साफ आहे असं कागदावर येईल. "घाण तिथेच असते, काका. फक्त मोजली जात नाही."

मी विचारलं, "म्हणजे एवढे दिवस जे पास झालं..."

"आधीच्या पाण्याचं मी काही सांगू शकत नाही, ते मी बघितलेलं नाही. आजचं मी लिहीत नाही." त्यांनी कपाटातून झाकणाला पट्टी लावलेली बाटली काढली. "सोमवारी यात आणा. घरी उघडू नका. बाटल्या कोण धुतं?"

"मीच," मी म्हटलं.

घरी आलो. ती मोरीपाशी बसली होती. मी विचारलं, "बाटलीत पावडर ठेवतेस का?"

"ठेवतंय चिमटीभर. वास येवक नको म्हणान. कित्याक?"

मी तिला सगळं सांगितलं. मला नीट सांगता येत नव्हतं, मिलचं उदाहरण दिलं, कापडाचं, तेव्हा तिला समजलं. ती हात ओले ठेवून तशीच बसली. मग म्हणाली, "म्हणजे माज्यामुळा तुमची नोकरी जातली?"

"तुझ्यामुळे नाही. पाणीच खराब आहे."

"पण आता जातली."

ती उठली, पदराला हात पुसले. थोड्या वेळाने माझ्यासमोर ताट ठेवताना म्हणाली, "सोमवारच्या बाटलीत अर्धा नळाचा पाणी घाला."

मी बघितलं तिच्याकडे.

"बगतास काय? जेवक चार माणसा वाढली की मी आमटीत पाणी घालूक नाय? कोणाक कळला कधी?"

"कळायचं. आम्ही बोलायचो नाही."

"मगे? ह्या पण कोण बोलाचा नाय." तिचा आवाज बदलला. "एकदा घर बसला. आता माका परत बसवूचा नाय. माज्यात आता तेवढा बळ नाय हा."

हे ती ओरडून म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती हळू म्हणाली. मी "हं" म्हटलं. नुसतं हं. तिला वाटलं मी ऐकलं. त्या दिवशी तिने मला जेवताना मासळीचा मधला तुकडा वाढला. रविवारी आम्ही तिच्या मावशीकडे परळला जाऊन आलो. ती तिथे हसत होती. मी तिच्याकडे बघत होतो आणि माझं अजून काही ठरलं नव्हतं. ठरलं नव्हतं, हे खरं सांगतो.

सोमवारी सकाळी बाटली घेऊन केंद्रात गेलो. खाडीच्या तोंडाला जिथे पाइप उघडतो तिथे उतरायला सात पायऱ्या होत्या. वरच्या पायरीशी नळ होता, हातपाय धुवायला. ओहोटी होती. पलीकडे चिखलात दोन-तीन बायका वाकून तिसऱ्या काढत होत्या. त्यात ती होती की नाही मला दिसलं नाही. माझी नजर तेव्हाच अधू झाली होती.

मी नळापाशी थोडा उभा राहिलो. मग खाली उतरलो आणि पाइपाच्या तोंडाशी बाटली धरली. पूर्ण भरली. झाकण लावलं. का, ते नीट सांगता येत नाही. फार मोठा विचार केला असं नाही. त्या कोळणीसाठी केलं म्हणावं तर तसंही नाही. निळं झालेलं कापड मी पुढे सोडत नव्हतो, एवढंच. मुकादम शिव्या देत असताना सोडलं नाही, मग आता कशाला.

बसमध्ये बाटली मांडीवर ठेवली. शेजारच्या माणसाने विचारलं, "काय, गावचं तूप का?" मी म्हटलं, "हो."

घरी तिने विचारलं, "दिल्यात?" मी म्हटलं, "दिली." तिने विचारलं नाही कशी भरली, मी सांगितलं नाही. पुढचे पाच-सहा दिवस ती बरी होती. एक दिवस माळ्यावरचं मोठं पातेलं काढून घासलं. म्हणाली, नोकरी कायम झाली की चार गडी परत जेवायला ठेवू, आता मिलचे नाहीत तर बंदरातले. मी ऐकत होतो. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ कठीण दिवस बघितले, संपाचे दिवस धरून. पण ते पाच-सहा दिवस मला अजून गळ्याखाली उतरत नाहीत. ती बोलायची आणि मी ऐकायचो.

पाणी नापास झालं. थोडंथोडकं नाही, आकड्याच्या किती तरी वर. लॅबवाल्या बाईंनी आधीच्या गुरुवारच्या बाटलीत ब्लीच सापडल्याचंही लिहिलं. साहेबांनी मला आत बोलावलं. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी विचारलं, "मला आधी सांगायचं होतं ना?" मी म्हटलं, "सांगितलं असतं तर काय केलं असतंत?" त्यांनी वळून भिंतीवरच्या आकड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "खरं सांगू? माहीत नाही."

नोटीस आली. काम थांबवलं. कंत्राटदाराला काढला आणि आम्ही सातही जण त्याच्याबरोबर बाहेर. फाटकाशी एक जण मला म्हणाला, "या सत्यवचनी, आता घरी जाऊन आरती करा." दुसरा म्हणाला, "याला गटाराचंच पाणी पाजा." तिसऱ्याने त्यांना आवरलं. त्यांचीही घरं होती. त्यांनाही मी विचारलं नव्हतं.

बायकोला मी सांगायच्या आधी कळलं. त्या सातातल्या एकाची बायको रेशनच्या रांगेत तिच्या पुढे उभी होती. तिने सगळ्यांसमोर ऐकवलं, की तुझ्या नवऱ्याने मुद्दाम घाण पाणी नेऊन दिलं, नळ शेजारी असून.

ती घरी आली. पिशवी खाली ठेवली. मी खाटेवर बसलो होतो. मला वाटलं, आता ऐकायचं. ती म्हणाली:

"नळ बाजूक होतो?"

"होता."

"आणि तुमी माका हं म्हटल्यात."

"म्हटलं."

"सहा दिवस मी पातेली घासतंय आणि तुमी बगत बसल्यात."

पातेलं अजून मोरीपाशी उपडं होतं.

"संपाच्या वेळाक हात वर केल्यात, तेवा पण माका इचारूक नाय. मी काय आडवी येनार होतंय? इचारूक व्हया होता. नाय म्हणान सांगलंय असतंय, तरी तुमका करूचा ता तुमी केला असतास. पण इचारूक व्हया होता. माज्या पण घराचा होता ता."

एवढंच बोलली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. टोमणा मारला नाही, नातेवाइकांत सांगितलं नाही. मी वाट बघायचो की कधीतरी भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच आठवड्यात ती त्या कोळणीबरोबर शिवडीला कोळंबी सोलायला जायला लागली. बर्फातली कोळंबी, दिवसभर. बोटं पांढरी पडायची, सुरकुतायची. संध्याकाळी ती दोन्ही हात चुलीजवळ धरून बसायची. मी म्हटलं, "मी धरू का?" ती म्हणाली, "नको, वास येता." मी गोदामात परत जायला लागलो, पण पाठ पूर्वीची राहिली नव्हती. आठवड्यातून दोन-तीन दिवस काम मिळायचं.

केंद्राचं पुढे बरं झालं, तेही सांगतो. नोटिशीमुळे वरचे लोक हलले. हवेची दोन यंत्रं भाड्याने आणून बसवली, अर्धं पाणी काही महिने दुसरीकडे वळवलं. आधी कोणी हे करायला तयार नव्हतं, कारण कागदावर सगळं पास होतं. पावसाळ्यानंतर नवी टाकी सुरू झाली. साहेबांनी आम्हा सातांपैकी चौघांना परत बोलावलं. त्यात मी होतो. कायम कोणालाच केलं नाही. बाटलीचं काम परत माझ्याकडेच आलं. साहेब म्हणाले, "आता तुमच्याइतका कोणावर भरवसा नाही." मला त्यात काही वाटलं नाही.

पाणी खरोखर पास झालं त्या दिवशी मी घरी येऊन तिला सांगितलं. तिने विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "बरा झाला. हात धुवा, जेवक वाढतंय." कोळंबीचं काम तिने सोडलं नाही. मी म्हटलं, आता सोड. ती म्हणाली, "ऱ्हवांदे. हाताशी एक असलेला बरा." ती जवळजवळ पंधरा वर्षं जात राहिली. माझी नोकरी सुटली, मी म्हातारा झालो, तरी ती जात होती. माझ्यावर परत घर टाकायचं नाही, असं तिने ठरवलं असावं. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. बाकी आमचं बरं चाललं होतं. गणपतीला गावाला जायचो, ती माझी पाठ चोळून द्यायची, मी तिला पेपर वाचून दाखवायचो. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसलं नसतं.

मागच्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. परळला मोठ्या दवाखान्यात नेलं. आठ दिवस तपासण्या झाल्या. मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, आजार पसरलाय, ऑपरेशन करून बघू, खात्री नाही, पण नाही केलं तर थोडेच दिवस आहेत. कागद पुढे केला. "इथे सही करा. उद्याच घेऊ."

पेन माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "थांबा. तिला विचारतो."

"आजोबा, पेशंटला एवढं सगळं सांगू नका. घाबरतील. तुम्ही सही करा."

"नाही. विचारतो."

डॉक्टरांना ते आवडलं नाही. मी वॉर्डात गेलो. ती खिडकीकडे तोंड करून पडली होती. मी स्टूल ओढलं आणि डॉक्टर जे जे म्हणाले ते सगळं तिला सांगितलं, काही न गाळता. खात्री नाही हेही सांगितलं. थोडे दिवस हेही सांगितलं. ती ऐकत होती. तिची बोटं चादरीवर होती, ती शेवटपर्यंत पांढरीच राहिली.

"तुमका काय वाटता?" तिने विचारलं.

"मला विचारू नकोस. तू सांग, तसं करू."

ती माझ्याकडे बघत राहिली. तोंडावर थोडंसं हसू आल्यासारखं वाटलं, पण माझी नजर अधू, खात्रीने सांगता येत नाही.

"आता इचारतास," ती म्हणाली.

"हो."

"मगे घराक चला."

नातेवाईक अजून म्हणतात, सही करायला हवी होती, एखादं वर्ष मिळालं असतं. मिळालं असतंही. ती घरी सतरा दिवस होती. मी डॉक्टरांना कागद कोरा परत दिला, तिची पिशवी भरली आणि टॅक्सी बघायला खाली उतरलो.